माळावरच्या सात फुल्या

माळाच्या वाटेवर चुन्याने सात क्रूस काढून मिशनचा बोधक ग्यानबा पैनगंगेच्या काठच्या आमराईत उतरला, तेव्हा तो अगदी निर्धास्त होता. १९३९ सालचा मार्च महिना होता, होळी होऊन आठवडा झाला होता. साखऱ्याच्या ख्रिस्ती मंडळींची जत्रा यंदा पहिल्यांदाच नदीवर भरणार होती. तीन दिवस झाडाखाली राहायचे, गाणी म्हणायची, उपदेश ऐकायचा आणि एका पंगतीत जेवायचे. पलीकडून वऱ्हाडातली मंडळी नदी उतरून येणार होती. साखऱ्याची पंधरा माणसे दुसऱ्या दिवशी पहाटे पायी निघणार होती. त्या पंधरांत ग्यानबाची बायको सुमनबाई आणि चार वर्षांची लेक आशा या दोघीही होत्या. ग्यानबा जागा झाडायला आणि चुली मांडायला एक दिवस आधी आला होता.

साखऱ्याहून नदीकडे येताना दीड कोसावर टेंभुर्णीचे एक जुने झाड लागे. तिथे वाट फुटे. डावीकडची माळाची वाट रहदारीची होती. बाजाराची माणसे, लादलेले बैल, सगळे तिनेच जात. पण ती उघडी होती आणि दोन कोसांत पाण्याचा थेंब नव्हता. उजवीकडची कपारीची वाट जवळची, सावलीची, ओढ्याकाठची. ती खडकाळ असल्यामुळे शेळ्या राखणाऱ्यांखेरीज तिकडे कोणी फारसे वळत नसे. पंधरवड्यापूर्वी ग्यानबा जागा पाहायला म्हणून त्या वाटेने आला होता. ओढ्यावरच्या काळ्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली त्याने पाहिली. त्याने ती मोजली. सात होती, एकेक सुपाहून मोठे. खाली एक शेळी मरून पडली होती आणि तिच्या डोळ्यांवर, नाकावर मेलेल्या माशा चिकटून वाळल्या होत्या. ग्यानबा आल्या पावली परत फिरला होता.

उन्हात पोराबाळांना घेऊन निघालेली मंडळी टेंभुर्णीखाली आली की सावलीकडे वळणार, हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने माळाच्या वाटेवर क्रूस काढले. साखऱ्यात घरोघरी जाऊन त्याने बजावले होते, "टेंभुर्णीपाशी खूण दिसंल. खुणंच्या वाटंनं या." मोहोळाचे मात्र कोणालाच सांगितले नव्हते.

सुमनबाईने विचारले होते, "काहून? कपारीत काय हाय?"

"जत्रेत कळंल," तो हसून म्हणाला होता.

हे न सांगण्यामागे त्याचा एक हिशेब होता. दोन वर्षांपूर्वी कयाधू नदीच्या पुरात ग्यानबा एका खडकावर सहा तास अडकला होता. त्यातून वाचल्यावर त्याने हिंगोलीला त्याच प्रसंगावर उपदेश केला. माणसे रडली. मिशनच्या साहेबाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि असे दाखले लिहून ठेवायला सांगितले. तेव्हापासून ग्यानबाच्या पिशवीत वही असे. धुक्यात वाट चुकली, विहिरीत उतरताना साप दिसला, नाल्यात बिबट्याची पावले सापडली, की ते त्या वहीत जाई आणि खाली त्याचा बोध. पुढे पुढे तर संकट संपायच्या आधीच त्याच्या डोक्यात त्याचा उपदेश तयार होऊ लागला. यंदाचाही तयार होता. मंडळी उन्हाने करपून येतील. ती बसली की विचारायचे, माळाच्या वाटेने येताना कोणाकोणाच्या मनात कुरकुर आली? हात वर झाले की मग सांगायचे, की सावलीच्या वाटेवर काय लटकले होते आणि क्रूसाने तुम्हाला कशातून वाचवले. आधी सांगितले असते तर यातली सगळी चव गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस कासराभर वर आला असताना तो आंब्याखालचा पाला ओढत होता. तेवढ्यात जलालुद्दीन लंगडत आला. नदीच्या वाळूत त्याची टरबुजाची वाडी होती. साठीचा माणूस, एका पायाने अधू. रात्री साखऱ्याला मुक्काम करून तो पहाटेच्या चांदण्यातच निघे आणि सकाळी वाडीवर येई. आज त्याच्या धोतराला कुसळे चिकटली होती आणि पिंढऱ्या ओरबाडल्या होत्या.

"बोधकसाब, तुमी कालच आले ना गावातून?"

"व्हय चाचा."

"मंग खरं सांगा. कितीक गेले?"

"कुठं गेले?"

"कुठं म्हंजे? मेले किती, इचारून राहिलो. मी गावात झोपलो, मला कुनी बोललं न्हाई. आन माळावर पाहातो तर पटकीच्या फुल्या. एक न्हाई, दोन न्हाई, दगडादगडावर फुली. आमच्या अब्बाच्या टायमाला एवढी मानसं मेली, तवा बी दोनच मारल्या होत्या. मी तर टेंभुर्णीवरूनच फिरलो. वावरातून आलो, काट्यातून. हे पाय पाहा."

ग्यानबाला हसू आले. "त्या फुल्या न्हाईत, चाचा. क्रूस हायत. मीच काढले."

जलालुद्दीन हसला नाही. "कशानं काढले?"

"चुन्यानं."

"वाटंच्या तोंडाशी? दगडावर?"

"व्हय."

"मंग फुलीच झाली की. तुमी काय समजून काढली, ते दगडाला काय ठाव?"

ग्यानबाने हातातला पाला खाली टाकला. त्याने विचारले तेव्हा म्हाताऱ्याने नीट समजावून सांगितले. गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली की गावकीचा माणूस वाटेवरच्या दगडावर चुन्याची फुली मारतो. त्या वाटेने कोणी यायचे नाही, कोणी जायचे नाही. नदीच्या या अंगाला लेकरालाही ते ठाऊक होते. ग्यानबाला नव्हते. तो सात वर्षांचा असताना वऱ्हाडातल्या मिशनच्या बोर्डिंगात गेला, तो बोधक होऊनच चार वर्षांमागे परत आला. फुली म्हणजे चुकलेल्या गणितावर मास्तर मारतो ती, एवढेच त्याला माहीत होते, आणि क्रूस ही तर त्याच्या लेखी वेगळीच गोष्ट होती.

"आमच्या मंडळीला ठाऊक असंल?" त्याने विचारले.

"मनकर्णाबाई येनार हाय ना? तिला न्हाई तर कुनाला? तिच्या नवऱ्याकडंच होतं ते काम. मागच्या पटकीला त्यानंच मारल्या फुल्या. आन चौथ्या दिवशी तोच गेला."

ग्यानबाने सूर्याकडे पाहिले. मंडळी तांबडे फुटताना निघाली असतील. दीड कोस, पोरे कडेवर, डोक्यावर गाठोडी. म्हणजे टेंभुर्णी मागे पडून घटका तरी झाली असणार. पुढे काय होणार तेही त्याला दिसू लागले. ओढ्याला पाणी, उंबराची गार सावली, सकाळपासून उपाशी पोरे. बाया तिथेच गाठोडी उतरवणार, तीन दगड मांडणार आणि भाकरीसाठी जाळ करणार. धूर सरळ कड्याला लागणार.

त्याने जलालुद्दीनला मोहोळाचे सांगितले. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या हातात दिली.

"हे घ्या. बोंबलू नका तिथं. पळू बी नका. उठलंच तर हिच्यात गप पडून राहा, मेल्यावानी. मला पाय न्हाई, न्हाईतर आलो असतो."

ग्यानबा चढ चढून माळावर आला आणि पळत सुटला. त्याने काढलेले क्रूस आता उलट क्रमाने समोर येऊ लागले. सातवा, सहावा. पांढरे, ठसठशीत. त्याने ते मोठ्या हौसेने काढले होते, उभी रेघ लांब, आडवी आखूड. पळताना त्याने त्यांच्याकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला आणि पाचव्या दगडाशी त्याला खरोखरच फुली दिसली. त्यानंतर पुन्हा क्रूस दिसेना.

त्याने प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द जुळत होते, पण ते पुढे सरकून उपदेशातल्यासारखे होत. तेव्हा त्याने तो नाद सोडला आणि नुसती नावे घेतली. सुमन. आशा. सुमन. आशा.

चौथ्या दगडाच्या अलीकडे त्याला दोन आकृत्या दिसल्या. एक बाई आणि तिच्या कडेवर पोर. आणखी थोडे पुढे गेल्यावर सुमनबाईचे हिरवे लुगडे ओळखू आले. त्याचे पाय जागीच थांबले. "देवा, तुझे उपकार," त्याच्या तोंडून निघून गेले. इतके मनापासून तो कित्येक वर्षांत काही बोलला नव्हता.

सुमनबाई रागाने लाल झाली होती. लेक कडेवर पेंगली होती.

"कुठं होते तुमी? एकटी बाई चालून राहिली उन्हात. खूण म्हनं, खूण. त्या खुणंपायी भांडण झालं सारं."

"बाकीचे?"

"गेले तिकडून. मनकर्णाबाई म्हनली, ही फुली हाय, पुढं पटकी हाय, लेकरं मारायचीत का? मी म्हनलं, हा आमच्या मालकानं काढलेला क्रूस हाय. तर म्हनती, बोधक शहाणा माणूस हाय, तो चुन्यानं वाट कशाला बंद करंल? कुनी ऐकलं न्हाई माझं. तातेरावबी डफ घेऊन तिच्या मागं. मी म्हनलं, जा. मी सांगितलेल्या वाटंनंच जाईन." ती थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहून तिचा राग उतरला. "काय झालं? कपारीत काय हाय?"

त्याने सांगितले.

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतले. "आन हे तुमाला ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "मी घरात इचारलं, तवाबी ठाऊक होतं."

अर्ध्या मिनिटापूर्वी ग्यानबाने देवाचे उपकार मानले होते आणि त्या वेळी तिकडच्या तेरा माणसांची त्याला आठवणही झाली नव्हती. ती आठवण बायकोच्या बोलण्यातून झाली. त्याच क्षणी इथेच, या दगडावर, लेकीशेजारी बसून राहावे असेही त्याला वाटून गेले. तिकडे जे व्हायचे ते झालेही असेल. आपण एकटे जाऊन काय करणार?

"जा ना," सुमनबाई म्हणाली. "उभे काय राहिले?"

तो वाट सोडून डाव्या हाताला, उताराने कपारीकडे निघाला. खाली गचपण होते. करवंदीचे काटे सदऱ्यात अडकत होते. मध्येच डफाचा आवाज आला. दोन थापा, मग बायकांचे गाणे. म्हणजे ती माणसे जिवंत होती, आणि नेमकी कड्याच्या समोर बसली होती. ओरडावेसे वाटून त्याने तोंड उघडले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले.

ओढ्याशी पोचल्यावर त्याने पाण्यात घोंगडी बुचकळून खांद्यावर टाकली. वळणापुढे ती सगळी दिसली. त्याने कल्पना केली होती तसेच होते, जणू त्यानेच मांडून ठेवले असावे. उंबराखाली गाठोडी. पोरे गुडघाभर पाण्यात. तीन दगडांची चूल, तिच्यापुढे पीठ मळत बसलेली मनकर्णा. चुलीत नुकताच जाळ लागला होता आणि ओल्या काटक्यांचा पांढरा धूर सुतासारखा वर चालला होता. वर कड्याला ती सात पोळी. त्यांच्यावरून एक काळी लाट सरकली, थांबली, पुन्हा सरकली. माशा अंग हलवत होत्या.

तातेरावाने त्याला आधी पाहिले. चाळिशीचा गप्पिष्ट माणूस, डफ वाजवण्यात तालुक्यात नाव असलेला. "आले, बोधक आले," म्हणून त्याने थाप मारायला हात उचलला.

ग्यानबाने दोन्ही हात वर केले. थांबा, एवढेच त्याला सांगायचे होते. पण गेली चार वर्षे तो प्रार्थना सुरू करताना नेमके असेच हात वर करत आला होता. तातेरावाने डफ खाली ठेवला. बायांनी पदर डोक्यावर घेतले. पोरांनी पाण्यातच हात जोडले. बारा माणसांनी डोळे मिटले आणि कपारीत एकदम शांत झाले.

त्या शांततेत वरची घूं घूं स्पष्ट ऐकू येऊ लागली.

मनकर्णाने तेवढे डोळे मिटले नव्हते. तिचा बाप्तिस्मा होऊन वर्षच झाले होते आणि डोळे मिटून देवाशी बोलायचे तिला अजून जमले नव्हते. "ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं पाहू नाही, हे कोनचं वळण?" असे ती ग्यानबाला एकदा म्हणाली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याची नजर वर वळली तशी तिचीही वळली. क्षणभर तिचे पिठाचे हात तसेच राहिले. मग ती उठली, पाण्यातल्या दोन पोरांना बखोटीला धरले आणि शेजारच्या बाईच्या कानात काहीतरी म्हणाली. त्या बाईने डोळे उघडले आणि पुढचीला हात लावला. कोणी किंचाळले नाही. एकेक जण उठला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या करवंदीच्या दाट जाळीत वाकून शिरला. गाठोडी जागेवरच राहिली. मनकर्णा जाळीच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येकाच्या पाठीला हात लावत होती. सहा. सात. आठ.

ग्यानबा चुलीपाशी पोचला. जाळावर पाणी टाकले तर धुराचा लोट उठेल, हे त्याला सुचले. म्हणून त्याने ओली घोंगडी पसरून चूल झाकली. तरी कडेने धूर सुटू लागला. तेव्हा तो त्या घोंगडीवर पालथा पडला आणि कडा हातांनी, गुडघ्यांनी दाबून धरल्या. पोटाखाली दगड तापत होते.

पुढे लोक याला धाडस म्हणाले. ग्यानबाला मात्र ठाऊक होते, की पहिली माशी मानेवर बसली तेव्हा त्याला उठून पळायचे होते आणि पायांनी ऐकले नाही. पहिल्या डंखाने डोळ्यांपुढे उजेड पडला. दुसरा कानावर. मग मोजायचे राहिले नाही. त्याने घोंगडीचे एक टोक ओढून तोंडावर घेतले आणि निजून राहिला. त्याला वहीतले काहीही आठवले नाही. कशाचा कसला बोध सापडला नाही. पोरे सगळी जाळीत शिरली असतील का, एवढाच प्रश्न डोक्यात फिरत होता आणि मान उचलून तो विचारता येत नव्हता.

किती वेळ गेला ते त्याला कळले नाही. घूं घूं ओसरली होती. कोणीतरी त्याच्या घोट्याला धरून त्याला तसूतसू ओढत होते. मनकर्णा होती, ओले लुगडे डोक्यावरून घेतलेली, पोटावर सरपटत आलेली.

"तेरा?" त्याने विचारले. ओठ सुजल्यामुळे शब्द भलताच निघाला. तिला तो कळला.

"तेरा बराबर. तातेरावाला तीन चावल्या, बोंबलून राहिला मनातल्या मनात. गप चाला."

दुपारी आमराईत सुमनबाईने त्याच्या अंगातले माशांचे काटे काढले. अठ्ठेचाळीस निघाले. एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसऱ्याची फट उरली होती. मंडळी भोवती बसली होती. मनकर्णा समोर येऊन उकिडवी बसली.

"काहून सांगितलं न्हाई?" तिने विचारले. "कपारीत मोहोळ हाय, एवढे तीन शब्द. मी फुली असो का काही असो, तिकडं गेलेच नसते."

ग्यानबाने सुमनबाईकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती.

"उपदेशासाठी," तो म्हणाला. "तुमी वाचून आल्यावर मला सांगायचं होतं."

तातेराव म्हणाला, "म्हंजे आमी मेलो असतो तर उपदेश हुकला असता." दोघे-तिघे हसले. मनकर्णा हसली नाही. "लेकरं पाण्यात होती," एवढेच ती म्हणाली आणि उठली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

तेवढ्यात जलालुद्दीन दोन टरबुजे घेऊन आला. ती खाली ठेवून त्याने ग्यानबाचे तोंड नीट पाहिले.

"बोधकसाब, एक गोष्ट ध्यानात हाय का? उद्या नदीपलीकडं बाजार हाय. मालवाले आज तिसऱ्या प्रहरीच निघतात. माळावर फुल्या पाहिल्या तर सारे कपारीनं घुसतील. बैल असतील, चिलमी असतील."

पंधरा माणसांची मोजदाद करून ग्यानबा मोकळा झाला होता. त्या वाटेने आणखीही कोणी चालते, हे त्याच्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

"पुसायला पाहिजेत," तो म्हणाला.

या माणसांनी क्रूसापायी बरेच सोसले होते. तातेरावाला भावकीने विहिरीवरून हाकलले होते. मनकर्णाच्या दाराशी कोणी बसत नसे. क्रूस हातांनी पुसायचा, हे त्यांच्या अंगावर काटा आणणारे होते.

"चुकून काढला तरी क्रूसच हाय तो," तातेराव म्हणाला. "माझा हात न्हाई उठायचा, बोधक."

"मी पुसला असता," मनकर्णा म्हणाली. "पन मी पुसला तर लोक म्हनतील, म्हातारी जुन्याकडं फिरली. काढला कुनी? तुमी. तुमीच पुसा. मी वाट दावते, तुमाला दिसून राहिलं न्हाई."

ग्यानबाच्या अंगात ताप भरला होता. सुमनबाईने पाण्याची घागर आणि जुन्या लुगड्याचा बोळा दिला. जाऊ नका असे ती म्हणाली नाही. मनकर्णाने काठीचे एक टोक त्याच्या हातात दिले, दुसरे आपण धरले, आणि दोघे माळ चढले.

सातव्या दगडापाशी तो गुडघ्यावर बसला. त्याने बोळा घागरीत बुडवून पिळला. हे पाप आहे का, हे त्याला कोणाला विचारायचे होते. विचारावे असे इथे कोणी नव्हते.

"काय म्हनून राहिले?" मनकर्णाने विचारले.

"काही न्हाई."

"मंग घासा. दिवस चालला."

तो घासू लागला. चुना निघेना. मनकर्णाने तरवडाचा पाला आणि एक खरखरीत दगड आणून दिला. आडवी रेघ आधी गेली. मग उभी. दगड ओला, काळा झाला. सहावा. पाचवा. हात सुजल्यामुळे बोटे वळत नव्हती. चौथ्यापाशी पाणी अर्धे झाले. दर दगडाशी तो कान देऊन ऐके, की टेंभुर्णीकडून घुंगरांचा आवाज येतो का. तिसरा दगड पुसून होतो तोच तो आला.

"कोन हाय?" त्याने विचारले.

मनकर्णाने डोळ्यांवर हात धरला. "लमाण हायत. पाच-सहा बैल. टेंभुर्णीखाली थांबले." थोड्या वेळाने म्हणाली, "पहिला बैल वळून राहिला. कपारीकडं."

ग्यानबाने बोळा टाकला आणि काठी सोडून पळाला. अर्धवट दिसणाऱ्या वाटेवर तो दोनदा पडला. टेंभुर्णीपाशी पोचला तेव्हा पुढचा बैल सावलीच्या वाटेवर वीस पावले गेला होता आणि मागे उभा असलेला तांड्याचा म्होरक्या फुलसिंग चिलीम पेटवत होता. त्याने ग्यानबाचे तोंड पाहिले आणि दोन पावले मागे सरकला.

"दूर ऱ्हा, भाऊ. पटकी हाय का तुला?"

ग्यानबाची जीभ जड झाली होती. त्याने श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"पटकी न्हाई. तिकडं आग्या मोहोळ हाय. माळानं जा."

"माळावर फुली हाय की. एक ही, एक ती. दिसून राहिली."

"ती माझी चूक हाय. मी काढली."

"तू कोन?"

मागून मनकर्णा घागर आणि बोळा घेऊन धापा टाकत आली. फुलसिंगाने तिला ओळखले. मागच्या पटकीत त्याच्या तांड्याची वाट तिच्याच नवऱ्याने अडवली होती. "हा म्हनतो ते खरं का, बाई?" त्याने विचारले.

"खरं हाय. तोंड पाहा की त्याचं."

फुलसिंगाने चिलीम दगडावर उपडी करून विझवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बैल अवघड जागी वळवायला वेळ लागला. मग घुंगरे वाजवत ते माळाच्या वाटेला लागले. ग्यानबाने उरलेले दोन दगड बैल जाईपर्यंत घासले. मग तो टेंभुर्णीच्या बुंध्याशी, दोन वाटांच्या मधोमध बसला. साखऱ्याकडून आणखी तिघे येताना दिसत होते. त्यांच्या डोक्यावर टोपल्या होत्या. ती माणसे हाकेच्या टप्प्यात येईपर्यंत त्याने ओठांना पाणी लावले आणि तेच शब्द पुन्हा जुळवून ठेवले.